ओंजळीचा दिवस

कंपनीच्या वखारीतून बाहेर पडताना मूठ मिटायची नाही, हा तिथला पहिला कायदा. आठवड्यातून एकदा प्रत्येक कामगाराला ओंजळभर जायफळं घरी न्यायला मिळायची. वेडीवाकडी, डागाळलेली, जहाजावर चढवायच्या लायकीची नसलेली. ती ओंजळ छातीसमोर उघडी धरून रांगेनं दरवाजाशी यायचं. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. पाठीशी बांधलेलं पोर रडलं तरी हात खाली न्यायचा नाही. दरवाजावरचा पहारेकरी ओंजळीतलं एक जायफळ उचलायचा, जिभेला लावायचा, आणि चुना झोंबला की थुंकून म्हणायचा, "जा." वर्षानुवर्षं चुना चाटून त्याच्या जिभेची पार साल गेली होती. त्याला सगळे जिभल्या म्हणायचे, अगदी तोंडावर. तो रागवायचा नाही. रागवायलासुद्धा धड जीभ लागते.

आता हा चुन्याचा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. त्या काळी जायफळ पिकायचं ते त्या बंदरामागच्या डोंगरांत, आणि बाकी जगात कुठंही नाही. निदान कंपनी तरी तसं सांगायची. दूरदेशीच्या राजांना दारूत जायफळ हवं, मांसावर जायफळ हवं, वैद्य म्हणणार की साथीच्या रोगाला उतारा म्हणजे जायफळ. मग काय, अर्धं जग ओलांडून जहाजं यायची, निम्मे खलाशी वाटेत माशांना घालून उरलेले इथं पोचायचे, आणि पोचल्यावर आपसांत तोफा डागायचे. खाणारे चिमूटभर खायचे आणि त्या चिमटीपायी माणसं गावंच्या गावं मरायची. शेवटी डोंगर कंपनीच्या ताब्यात आले, आणि कंपनीला एकच भीती उरली. एक जरी जिवंत बी बाहेर गेली, कुणी दुसऱ्या मातीत रुजवली, की संपला मक्ता. म्हणून प्रत्येक बी टरफलासकट चुन्यात बुडवून मारायची आणि मगच बाहेर काढायची. चुना न लागलेली बी कुणाजवळ सापडली तर वखारीच्या अंगणात लाकडी खांब उभाच होता. एरवी त्यावर कावळे बसायचे.

हौदवाली त्या चुन्याच्या हौदावर कामाला होती, लग्न होऊन आली तेव्हापासून. पोतं यायचं, ते वेताच्या टोपल्यांत ओतायचं, टोपली चुन्यात बुडवायची, हिसडा द्यायचा, उचलायची, निथळायला फळीवर ठेवायची, पुढची घ्यायची. सकाळी हातांना तेल चोपडायची, पण चुना तेलाला कुठली भीक घालतो. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, नखं पांढरी होऊन तुटायला लागली होती. जेवणात मीठ जरा पुढं असलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग नवरा तिचं ताट कालवून द्यायचा आणि वर म्हणायचा, बायकोला भरवणारा या गावात मी एकटाच, जरा कौतुक करत जा.

नवरा पिंपं बनवायचा. बंदरात येणाऱ्या जहाजांना पाण्याची, खाऱ्या मांसाची पिंपं लागायची, आणि पिंपवाल्याचं दुकान धक्क्यालगतच होतं. बोलघेवडा माणूस, तोंडात तीळ भिजायचा नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्याचं बोलणं अर्ध्यावर आलं, ते मुलामुळं. एकुलता एक मुलगा, ताडमाड उंच, सगळे त्याला लांब्या म्हणायचे. एका परक्या जहाजावर पिंपं पोचवायला गेला आणि जहाज त्याला घेऊनच गेलं. त्यांचे खलाशी तापानं मेले होते, त्यांना हात हवे होते, हा आयता सापडला. त्या दिवसापासून हौदवालीनं घराच्या दाराला आतून कडी लावली नाही. वारा सुटला की दार आपटायचं आणि ती दचकून उठायची, पण कडी नाही.

आणि मग एका दुपारी पिंपवाला दुकान उघडं टाकून घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. तेच जहाज परत आलं होतं. तो पिंपं घेऊन वर चढला, तर दोरखंड ओढणाऱ्यांत सगळ्यांच्या वर एक डोकं. लांब्याच. हौदवालीनं आधी विचारलं, कसा दिसतो. नवरा म्हणाला, दाढी आलीय. मग ती रडली, आणि तिचं रडणं पुरं होईपर्यंत तो पुढचं बोलला नाही.

पुढचं असं होतं. कप्तानाला बापलेकांची ओळख पटलेली दिसली. त्याला लाज वाटली असं काही नाही; त्याला त्यात सौदा दिसला. ओंजळभर जिवंत जायफळं आणून दे आणि मुलगा घेऊन जा, तो म्हणाला. जहाजावर एक म्हातारा माळी होता, बियांची पारख तो करणार. परवा सकाळी शिडं उभारणार. त्यानंतर हे जहाज या बंदरात येईल न येईल, आणि आलं तरी त्यावर मुलगा असेल न असेल.

पिंपवाला म्हणाला, सापडलो तर तिघंही गेलो. हौदवाली म्हणाली, दोन वर्षं आपण कुठं आहोत? एवढंच बोलणं झालं. नवराबायकोनं एवढा मोठा निर्णय इतक्या थोडक्या शब्दांत कधी घेतला नव्हता. घरातली खाट कुठल्या भिंतीला लावायची यावर मात्र ते महिनाभर भांडले होते.

दुसराच दिवस ओंजळीचा होता, हे नशीब. बेत हौदवालीनंच रचला. पोत्यातून वेड्यावाकड्या, पण जड, चकचकीत बिया निवडायच्या. कानाशी हलवली की आत खुळखुळते ती वाळलेली, तिच्यात जीव नाही. न वाजणारी ती ओली, जिवंत. अशा बिया चुन्यात न घालता पिठाच्या पातळ लगद्यात घोळवायच्या. पीठ वाळलं की चुन्यासारखंच दिसतं. त्या ओंजळीत खाली आणि चुन्यातल्या दोनतीन वर. जिभल्या नेहमी वरची उचलतो. नेहमी म्हणजे बहुतेक वेळा. या 'बहुतेक'वर तिची रात्र गेली.

सकाळी कमरेला पिठाची पुरचुंडी बांधून ती कामावर गेली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. शेजारच्या हौदावरची बाई सहज म्हणाली, आज लवकर आलीस, तरी हिचा हात कमरेच्या पुरचुंडीकडं. पण दुपारपर्यंत सगळं जमत गेलं. एकेक बी कानाशी नेत, केस सारल्यासारखं करत, तिनं न वाजणाऱ्या बिया एका लहान टोपलीत जमवल्या आणि ती टोपली रिकाम्या पोत्याखाली सारली. शेवटचं पोतं संपत आलं. आता सगळे निथळणाऱ्या टोपल्या उन्हात न्यायला वळले की आडोशाला पीठ कालवायचं, बस.

तेवढ्यात मुकादम आला. त्याला पोती मोजून परत हवी होती, म्हणून त्यानं स्वतःच रिकामी पोती उचलून बाजूला फेकली, आणि ती लहान टोपली उघड्यावर आली. त्यानं त्या टोपलीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला गप्पा मारायच्या होत्या. त्या परक्या जहाजाची पिंपं तुझ्या नवऱ्याकडंच आहेत ना? आज पोचवणार? फार घुटमळतोय म्हणे तो धक्क्यावर. हौदवालीच्या तोंडचं पाणी पळालं. ती हसली, काहीतरी बोलली. एक पिंप गळत होतं, ते दुरुस्त करतायत. मुकादमानं मान डोलावली. मग त्याच्या सुनेचं बाळंतपण निघालं, मग त्याची पाठदुखी. ती हो हो म्हणत राहिली. डोळे त्याच्या तोंडावर, कान त्याच्या शब्दांवर, सगळा जीव त्या टोपलीकडं आता याचं लक्ष जाईल का यावर. अखेर तो गेला. तिनं श्वास सोडला आणि लहान टोपलीकडं हात नेला.

टोपली तिथं नव्हती. ती फळीवर होती. पांढरी, टपटप निथळत.

मुकादमानं नव्हती ठेवली. कुणीच नव्हती ठेवली. ती बोलत असताना तिच्याच हातांनी ती उचलली होती, बुडवली होती, हिसडा दिला होता आणि रीतसर फळीवर ठेवली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती ही अशी. तिनं हातांकडं पाहिलं. इतकी वर्षं या हातांनी तिला पोसलं होतं आणि आज नेमकं तिच्या पोराला बुडवलं होतं. रडायचीसुद्धा सोय नव्हती. पोतं संपलं होतं, वखारीत न बुडवलेली एकही बी उरली नव्हती, आणि घंटा वाजली.

तिनं त्याच बिया ओंजळीत घेतल्या. दुसरं करणार काय? रिकाम्या हातानं गेली असती तर जिभल्यानंच विचारलं असतं, आज काय झालं. आता लपवायला काही नव्हतं, तरी रात्रीचीच भीती घेऊन ती रांगेत उभी राहिली. रात्रभर ज्या क्षणाला घाबरली होती तो आला, आणि जिभल्यानं आजच मेल्यानं ओंजळीच्या तळातलं जायफळ काढलं. जिभेला लावलं. थुंकला. "जा." पीठ असतं तर ती तिथंच संपली असती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर खोकल्याबरोबर माणूसही गेलं होतं.

घरी नवरा दार लोटून वाट बघत होता. त्यानं तिच्या हातांतून बिया अशा घेतल्या की जणू अंडी आहेत. एकेक कानाशी हलवली, एकही वाजली नाही, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. ती खरं बोलणार होती, पण तो चेहरा बघून तिची जीभ रेटेना. तो घंगाळात पाणी घेऊन पीठ धुवायला बसला. पाणी दुधासारखं झालं. त्यानं बोटं चोळली, पुन्हा चोळली. पीठ चिकट लागतं, हे चिकट नव्हतं. आणि रंध्यानं कापलेलं त्याचं बोट झोंबायला लागलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिनं सांगितलं, मुकादमाच्या पाठदुखीसकट सगळं. तो ओरडेल, निदान कपाळावर हात मारेल, असं तिला वाटलं होतं. ते बरं झालं असतं. तो नुसता पाण्यात हात घालून बसून राहिला, आणि मग म्हणाला, "दिसायला तर जिवंतच आहेत. आपण दोघं नाही का दिसत?"

मग त्यांनी त्या घासल्या. सुतळीच्या चोथ्यानं, राखेनं, नखांनी. टरफलाच्या बारीक खाचांतून चुना निघेना तेव्हा पिंपवाल्यानं टोच्यानं तो टोकरला. वर तेलाचा हात फिरवला. बिया झाडावरून नुकत्या उतरवल्यासारख्या चमकायला लागल्या. त्या ओल्या फडक्यात बांधून त्यानं हत्यारांच्या पेटीत भुशाखाली ठेवल्या. धक्क्यावर पिंपवाल्याची पेटी कुणी उघडत नसे. वखारीच्या दरवाजातून जिवंत काही सुटतच नाही, यावर कंपनीचा एवढा भरवसा होता.

ऊन कलताना दोघं जहाजावर चढली. पिंपाच्या पट्ट्या उचलायला बायको मदतीला, असं सांगायचं ठरलं होतं. कप्तानाच्या खोलीत टेबलावर फडकं सोडलं. दारापाशी लांब्याला आणून उभं केलं होतं. दाढी खरंच आली होती, खांदे रुंद झाले होते, आणि तो आईकडं बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर उभं राहणं त्याला जमलं नसतं. हौदवालीला वाटलं, याला हात लावावा. मग वाटलं, लावला आणि हे लोक नाही म्हणाले तर?

माळीबुवा म्हणजे वाळकं, वाकलेलं म्हातारं. त्यानं एकेक बी कानाशी हलवली. नाकाशी नेली. सुरीनं एक फोडून आतला ओलेपणा बघितला, मान हलवली. कप्तानाला वाटलं झालं, तो उठायला लागला. पण म्हाताऱ्यानं आणखी एक बी उचलली, उजेडाकडं धरून तिच्या खाचा न्याहाळल्या, आणि सावकाश ती जिभेला लावली.

पिंपवाल्यानं डोळे मिटले. हौदवालीनं नाही मिटले. तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याची जीभ जराशी आखडली, तिला ती दिसली. त्यानं नजर उचलली ती तिच्या चेहऱ्यावर नाही, तिच्या हातांवर आली. भेगाळलेली पेरं, पांढरी नखं. लपवायचं सुचलं नाही तिला. म्हातारा थोडा वेळ हातांकडं बघत राहिला. मग कप्तानाकडं वळून त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलला, आणि कप्तान हसला.

लांब्या बापाबरोबर एक रिकामं पिंप ढकलत धक्क्यावर उतरला. गळकं पिंप दुकानात परत नेतायत, यात कुणाला काय दिसणार? हौदवाली मागोमाग आली आणि तिघं दुकानात शिरली. आत गेल्यावर लांब्या पिंपाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "आई, तुझ्या हातांना काय झालंय गं?" मग मात्र तिनं त्याला धरला तो सकाळी ते जहाज क्षितिजापार जाईपर्यंत सोडलाच नाही म्हणा ना.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मुलगा घरी आला, कंपनीला पत्ता नाही. मुलगा पळून आला, वाटेत सुटला, असं काहीबाही सांगितलं, लोकांनी मानलं. पण हौदवालीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिनं कप्तानाला मेलेल्या बिया दिल्या होत्या. महिना दोन महिने तो वाट बघेल, कोंब येणार नाहीत, मग त्याला कळेल. आणि कळल्यावर तो गप्प बसणारा होय? परत येईल, नाहीतर कंपनीला चिठ्ठी धाडेल, की तुमच्याच हौदावरची बाई असा उद्योग करते. क्षितिजावर शीड दिसलं की ती हातातलं काम टाकून छपरावर चढायची. पूर्वी मुलगा येईल म्हणून दाराला कडी लावत नसे, आता मुलगा जाईल म्हणून दोन कड्या लावायला लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्यात लांब्याला काम हवं होतं. समुद्राचं नाव काढलं तरी तो पांढरा पडायचा. मुकादमानं हौदवालीचे हात पाहिले, तुझ्याच्यानं आता एकटीनं काम होत नाही म्हणाला, आणि लांब्याला तिच्या शेजारच्या हौदावर घेतलं. लांब्या खूश. पायाखाली जमीन, दुपारी आईच्या शेजारी बसून जेवण, संध्याकाळी गावभर गप्पा. बापावरच गेला होता. सहा महिन्यांत त्याच्या बोटांची साल निघायला लागली. रोज संध्याकाळी ती त्याच्या हातांना तेल लावायची आणि तो हसायचा, म्हणायचा, आता दिसतो मी तुझा मुलगा.

वर्ष उलटून गेलं. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, लांब्या बाहेर उंडारायला गेलेला, हौदवाली दुकानात नवऱ्याला जेवण घेऊन आली होती, आणि दारात कुणीतरी खोकलं. बघते तर माळीबुवा. एकटाच. अधिकच वाळलेला. हौदवालीच्या हातातलं ताट खाली पडलं.

पिंपवाल्यानं आधी दार लावलं. म्हातारा म्हणाला, घाबरू नका, दुसऱ्या जहाजानं आलोय, कप्तान कुठल्या कुठं आहे. पाणी प्याला. इथली भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा. मग त्यानं हौदवालीला सांगितलं, "चाटली तेव्हाच कळलं होतं मला. चुना होता."

तिनं विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हातारा म्हणाला, पोरगं माझ्या शेजारी झोपायचं, झोपेत आईला हाक मारायचं. आणि वर तुमचे हात दिसले. झालं. पण कप्तानानं त्याला बजावलं होतं, की बिया रुजल्या नाहीत तर तुलाच पाण्यात टाकीन. म्हातारा मेलेल्या बिया कुंड्यांत लावून रोज सकाळी त्या सुक्या मातीकडं आपलं मरण बघितल्यासारखा बघत बसायचा. इकडं ही छपरावर, तिकडं तो कुंड्यांपाशी. एकमेकांना पत्ता नाही.

"आणि?" पिंपवाल्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत जायफळाचं टरफल होतं, दोन शकलं झालेलं. फोडलेलं नव्हतं, आतून कोंबानं उकललेलं होतं. "सगळ्या रुजल्या," तो म्हणाला. "एक मी कापली ती सोडून."

हौदवालीनं ते शकल उजेडात धरलं. खाचेत, टोच्याला न पोचलेल्या जागी, चुना अजून होता. तिच्याच हौदातला. तिनं नखानं तो उकरून बघितला, उगाच.

पिंपवाला आधी हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं कंपनी तुला चुन्यात घालतेय, तो म्हणाला, आणि चुना लागला कंपनीलाच! पण हौदवालीला हसू आलं नाही. आनंद झाला का? झाला, नंतर, त्या म्हाताऱ्याचा जीव वाचला याचा झाला. आधी तिला राग आला, असा की कानशिलं तापली. चुन्यानं काहीच मरत नव्हतं. एक बीसुद्धा नाही. मरत होते ते हात. तिचे, शेजारणीचे, त्या शेजारणीच्या सासूचे, जिची बोटं शेवटी वळतच नव्हती. कुणीतरी एकदा ठरवलं, कुणी रुजवून बघितलं नाही, आणि एवढ्या बायका आयुष्यभर त्या पांढऱ्या हौदापुढं वाकून राहिल्या.

आणि आता तिचा लांब्या.

धावत जाऊन सगळ्यांना सांगावं, काढा गं ते हात बाहेर, असं तिला वाटलं. पण तुला कसं कळलं, असं कंपनी विचारणार, आणि त्याला उत्तर एकच. शिवाय चुना कुचकामी ठरला तर कंपनी गप्प बसेल का? आणखी काहीतरी काढेल, ह्याहून जहाल. म्हातारा निघून गेला. टरफल पिंपवाल्यानं भट्टीत टाकलं. लांब्याला काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. त्याच्या पोटात राहणार नाही आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. संध्याकाळी त्याच्या बोटांना तेल लावताना तिनं एवढंच म्हटलं, "हौद सोड तू. बाबांच्या हाताखाली पिंपं बनव."

तो चकित झाला. मग हौदावर कोण? ती म्हणाली, मी आहे की. तो म्हणाला, अगं, तुझे हात बघ. "माझे व्हायचे ते झाले," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की त्यानं वाद घातला नाही. आठवडा तेवढा पुरा करू दे, मुकादम ओरडेल, इतकंच म्हणाला.

आठवड्याचा शेवट म्हणजे ओंजळीचा दिवस. रांगेत लांब्या पुढं, ती मागं. इतक्या वर्षांत या रांगेत ती एकदाच घाबरली होती. आज तिला पुढं लांबच लांब उघड्या ओंजळी दिसत होत्या, शेजारणीची, नव्या नवरीची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची, आणि प्रत्येक ओंजळीत काही वाजणाऱ्या बिया होत्या आणि काही न वाजणाऱ्या. अंगणातला तो खांब ज्यासाठी उभा होता ते सगळ्यांच्या हातांत होतं, दर आठवड्याला होतं, आणि कुणालाच माहीत नव्हतं. लांब्या पुढं उभा राहून जिभल्याची चेष्टा करत होता. मेलेल्या बिया काय चाटतोस काका, म्हणत होता, एखादी जिवंत सापडली तर मला दाखव, मी कधी पाहिली नाही. रांगेतल्या बायका हसल्या. जिभल्यानं त्याच्या ओंजळीतून एक बी उचलली, चाटली, थुंकला. "जा रे, गप्प."

मग ती पुढं झाली. तिचे हात इतके कापत होते की बिया एकमेकींवर आपटत होत्या. जिभल्यानं तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांची ओळख, त्याला दया आली.

"हौदवाली, म्हातारी झालीस गं."

"झाले खरी," ती म्हणाली, आणि ओंजळ तशीच उघडी धरून मुलाच्या मागोमाग बाहेर पडली.